लंडनमावशींचा खुनी

"तुमच्या आधीच्या घरमालकीणबाई हयात आहेत ना?"

रत्नागिरीत मांडवीला भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या. नारळ सोलता सोलता उठून आल्या होत्या, त्यामुळे हातात कोयता तसाच होता. मी मूळचा कोल्हापूरकडचा, सरकारी नोकरीत नुकताच लागलेला. असल्या प्रश्नाची तयारी करून आलो नव्हतो. मी म्हणालो, "हयात आहेत. चांगल्या धडधाकट आहेत."

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"परवा. त्यांनीच डबा करून दिला."

बाईंनी माझ्या पिशवीकडे एक नजर टाकली आणि कोयता खाली ठेवला. खोली मला मिळाली. या आमच्या लंडनमावशी. लंडन तर सोडाच, त्या मुंबईलाही आयुष्यात एकदाच गेलेल्या. पण अख्खी मांडवी त्यांना याच नावाने ओळखायची.

कारण होता एक सिनेमा. नवीन लग्न झाल्यावर मावशी आणि त्यांचे यजमान अप्पा मुंबईला एका नातेवाइकांकडे राहिले होते. तिथे दोघांनी सकाळच्या खेळाला एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. राणी व्हिक्टोरियाच्या वेळचं लंडन, रस्त्यावर धुकं, घोड्याच्या बग्ग्या, मोठ्या घरात एक श्रीमंत मुलगी आणि तिच्या जिवावर उठलेलं कुणीतरी. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. अप्पा पहिल्या बग्गीलाच झोपले. मावशी मात्र डोळ्यांची पापणी न हलवता शेवटपर्यंत बसल्या आणि न कळलेलं सगळं बोलणं त्यांनी मनानेच भरून काढलं. पुढे तीस वर्षं त्या ही गोष्ट सांगत होत्या. नायिकेला त्या "आमची एमिली" म्हणत आणि तिच्या नवऱ्याला "तो मेला एडवर्ड". ऐकणाऱ्याला वाटावं, ही एमिली गुहागरला दिलेली यांची कुणी भाची असावी.

"एमिलीची चूक काय झाली, सांगा," त्या मला विचारायच्या.

"काय झाली?"

"पुढ्यात आलेला कप तसाच तोंडाला लावला. बघितलं नाही, हुंगलं नाही. म्हणून तर मेल्याचं फावलं."

मावशींनी ती चूक कधी केली नाही. कुणाकडे चहाला गेल्या की यजमानीण चिवडा आणायला आत वळायचा अवकाश, यांनी कप बदललेले असायचे. सगळ्यांना हे ठाऊक होतं. शेजारच्या काकू तर मुद्दाम मावशींच्या आवडीचा बिनसाखरेचा चहा स्वतःपुढे ठेवायच्या, म्हणजे बदलून बरोबर त्यांच्याकडे जाईल. माझ्या खोलीवर त्या चहाला आल्या तेव्हा मला हा हिशेब माहीत नव्हता. त्यांच्यासाठी केलेला बिनसाखरेचा मी प्यायलो.

या बाईंच्या घरात राहणारे अप्पा म्हणजे जगातला सर्वांत निरुपद्रवी माणूस. बाजाराजवळच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. मुंगी पायाखाली आली तर थांबून तिला वाट देतील. मावशी त्यांच्यादेखत म्हणायच्या, "आमचे हे म्हणजे भिजलेला पापड." अप्पा मान डोलवायचे. त्यांनाही ते पटलेलं असायचं.

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी माघी गणपतीच्या उत्सवात मावशींनी ती गोष्ट नाटक म्हणून बसवायची ठरवली. उत्सवाच्या मंडळींना एखादं पौराणिक हवं होतं. पण मावशींशी वाद घालायला कुणी पुढे येईना, म्हणून लंडनच ठरलं. विशीतल्या एमिलीचं काम अर्थात मावशी स्वतः करणार होत्या. मी शेवटी येऊन खुन्याला पकडणारा लंडनचा फौजदार. एडवर्डसाठी शाळेतले कवायतीचे सर निवडले होते. उंचेपुरे, पिळदार मिशांचे, नुसते चालले तरी फळ्या हादरायच्या. तालमीत ते "एमिली" म्हणून हाक मारायचे तेव्हा देवळामागची कुत्री भुंकायला लागायची.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सरांना कांजिण्या आल्या.

मावशी दिवसभर पडवीत डोक्याला हात लावून बसल्या. संध्याकाळी अप्पा दवाखान्यातून आले, हातपाय धुतले आणि खाली बघत म्हणाले, "अगं, ते काम मला पाठ आहे. रोज ऐकतोय ना इतकी वर्षं."

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू खांब बोलला.

"तुम्ही खून करणार? माझा?"

"दुसरं कुणी नसेल तर," अप्पा म्हणाले.

संध्याकाळची आरती झाल्यावर लगेच नाटक सुरू झालं. मच्छरदाणीचा झगा, पुठ्ठ्याची उंच टोपी, बग्गीच्या आवाजाला दोन करवंट्या. लंडनचं धुकं करायला मावशींनी पडद्यामागे नारळ सोलून उरलेली ओली सोडणं पेटवली होती. नारळाच्या ओल्या सोडणांचा धूर म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पहिले दोन प्रवेश कुणाला काहीच दिसलं नाही. प्रेक्षक खोकत होते, नट खोकत होते, करवंट्या वाजवणारा तर बग्गी सोडून पळाला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, लंडन विझवा."

मग धूर निवळला आणि अप्पा दिसले.

त्यांनी अभिनय म्हणून काहीही केलं नाही. ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "एमिली, औषधाची वेळ झाली." सोडणांच्या धुराने सगळ्यांचे घसे इतके बसले होते, की मांडव चिडीचूप होता. अप्पांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यांनी बाटली उचलली, उजेडासमोर धरली, हलवली. बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर अंगठ्याचं नख ठेवून बरोबर एक डोस पेल्यात ओतला. एक थेंब सांडला नाही. मग किंचित हसून म्हणाले, "कडू आहे. पण एका घोटात घ्यायचं हं."

मांडवात बसलेल्या प्रत्येकाने हीच बाटली, हेच नख आणि हेच "एका घोटात घ्यायचं हं" कधी ना कधी दवाखान्यात पाहिलं-ऐकलं होतं. बायांच्या अंगावर काटा आला. जेटीवर मासे विकणारी यमुनाबाय उभीच राहिली आणि म्हणाली, "नको पिऊ गो." मावशी प्यायल्या. मानेला हिसका देऊन, हात पसरून, तीनदा उठून पुन्हा पडून त्या मेल्या. अप्पांनी पेला विसळला, पुसला आणि जागेवर नीट ठेवला. ते बघून एका म्हाताऱ्या गृहस्थांना घरी न्यावं लागलं.

मी फौजदार होऊन आत शिरलो तेव्हा लोक मला उद्देशून म्हणत होते, "दोन ठेवून द्या आधी." मी बेड्या घातल्या. अप्पा निमूटपणे माझ्याबरोबर चालू लागले. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "ठीक झालं का हो?"

सकाळी मावशी बाजारात गेल्या, तर यमुनाबायने त्यांना बाजूला घेतलं. "बाय, तू चार दिस माहेराला जा. हा माणूस बरा नाय."

"अगं, नाटक होतं ते."

"नाटक तुझं होतं. त्याचं नव्हतं."

मावशी हसत घरी आल्या आणि मला सांगत बसल्या. पण त्या दिवशी दवाखान्यात वेगळंच चाललं होतं. लोक डॉक्टरांकडून तपासून घेत आणि म्हणत, "बाटलीतलं नको, गोळ्या लिहून द्या, बाहेरून घेतो." अप्पांच्या खिडकीशी कुणी फिरकेना. एक जण औषध घेऊन गेला तो चौकापर्यंत. तिथल्या गटारात त्याने बाटली रिकामी केली. दोन-चार दिवसांत हे विरेल असं डॉक्टरांना वाटलं. विरलं नाही. एका लहान मुलीने अप्पांना बघताच भोकाड पसरलं, तेव्हा डॉक्टर ओशाळून म्हणाले, "अप्पा, काही दिवस घरीच बसता का?"

अप्पा घरी आले आणि पायरीवर बसले. मावशींनी विचारलं तेव्हा त्यांनी जे झालं ते सांगितलं. तक्रार केली नाही. फक्त एवढं म्हणाले, "ती पोरगी मला मामा म्हणायची." त्या रात्री ते जेवले नाहीत. मी त्यांच्याकडे बसलो होतो. मावशी बोलत नाहीत हे मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून अप्पांना पुढे घालून दवाखान्यात गेल्या. मी ऑफिसला जाता जाता त्यांच्या मागोमाग गेलो. बाकावर आठ-दहा पेशंट बसले होते. मावशींनी अप्पांना आत धाडलं, स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या हो, खोकल्याचं द्या." अप्पांनी पेला भरला. मावशींनी तो सगळ्यांना दाखवला आणि बघितलं नाही, हुंगलं नाही, एका घोटात संपवला. मग बाकावर जाऊन बसल्या. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. बराच वेळ त्या मेल्या नाहीत, तेव्हा एका बाईने आपली बाटली पुढे केली.

असं रोज चाललं. ज्याचं जे औषध, त्यातला घोट आधी मावशींचा. तापाचं, खोकल्याचं, अंगदुखीचं. डॉक्टरांनी आरडाओरडा केला, की असं भलतंसलतं पिऊ नका. मावशी म्हणाल्या, "तुमच्या औषधावर तुमचाच विश्वास नाही, तर लोकांचा कसा बसणार?" डॉक्टर आत निघून गेले.

मग एक दिवस कुणाचंतरी पोट साफ व्हायचं औषध आलं. मावशी तेही प्यायल्या, आणि त्या पेशंटला धीर वाटावा म्हणून जरा जास्तच प्यायल्या. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात दिसल्या नाहीत. दुपारपर्यंत मांडवीत बातमी पसरली, की अप्पांनी अखेर डाव साधला. मी घरी आलो तर अंगणात ही गर्दी. पुढे यमुनाबाय, मागे उत्सवाची मंडळी, एकाच्या हातात तर हार. अप्पा दारात उभे राहून सांगत होते, "आहे हो, आत आहे." ते त्यांच्या त्या मऊ आवाजात. ऐकून लोक आणखीनच घाबरले.

शेवटी आतलं दार उघडलं. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक, एका हाताने खांब धरलेला, अशा मावशी पडवीत आल्या. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "औषध लागू पडलंय. काय लागू पडलंय म्हणून सांगू." आणि घाईघाईने परत मागीलदारी गेल्या.

मग यमुनाबाय अप्पांना म्हणाली, "माझ्या सासऱ्याला चार दिस साफ झालेला नाय. त्यातलीच एक बाटली द्या." अप्पांनी जागच्या जागी मान डोलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर दवाखाना पूर्ववत झाला. मावशी मात्र पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. भिजलेला पापड हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. संध्याकाळी दोघं जेटीवर फिरायला जाऊ लागली. मावशी केसांत अबोलीचा वळेसर माळायच्या. पुढच्या वर्षी देवरूखच्या एका नाट्यमंडळाने अप्पांना खलनायकाच्या कामासाठी बोलावलं. नायिका होती तिथल्याच एका प्राध्यापकांची तरुण बायको. मावशींनी निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "खून करायचा तर हे माझाच करतील. दुसऱ्या कुणाचा नाही."

देवरूखकर नाट्यवेडे. त्यांनी नायिका बदलली. पुढे चार-पाच गावांत अप्पांनी मावशींना गळा दाबून, कड्यावरून ढकलून आणि एकदा पेटाऱ्यात कोंडून मारलं. दर वेळी मावशी जास्त वेळ घेऊन मरायच्या, आणि परतीच्या गाडीत अप्पा त्यांना विचारायचे, "लागलं नाही ना गं कुठे?"

माझी बदली सोलापूरला झाली. निघताना मावशींनी डबा करून दिला. नव्या घरमालकीणबाईंशी नीट वागा, असंही बजावलं. मग काही वर्षांनी कळलं, की मावशी गेल्या. साधा ताप आला आणि दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. अप्पांनीच औषध दिलं होतं. ते या वेळी लागू पडलं नाही.

मी रत्नागिरीला जाऊन अप्पांना भेटलो. तेव्हा त्यांच्याकडे एक पाहुणे बसले होते. देवरूखचेच, नव्या नाटकात खुन्याचं काम होतं आणि ते अप्पांनीच करावं म्हणून गळ घालत होते. अप्पांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले.

"नाही जमणार हो आता."

"अप्पा, तुमच्यासारखा खुनी पंचक्रोशीत नाही."

अप्पांनी अंगणाकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले, की आम्ही दोघांनी पुढे वाकून ऐकलं.

"ती मला जराही घाबरायची नाही. म्हणून जमायचं."