‘आपत्ति’पुढची खूण

आमच्या कारखान्यात अवाढव्य यंत्रं तयार होतात आणि मी त्यांच्याबद्दलची पत्रं इंग्रजीतून हिंदीत करतो. पंचवीस वर्षांपूर्वी हिंदीत एम. ए. झालेला वाईचा एक मुलगा भोपाळच्या राजभाषा विभागात चिकटला, तो मी. माझ्या हिंदीत माणसं राहत नाहीत. ‘अभिभावक’ आणि ‘कर्मचारीगण’ राहतात. ‘दार लावून घ्या’ एवढंच मी असं लिहू शकतो, की वाचून होईपर्यंत दारातून चार माणसं आणि एक कुत्रं निघून जाईल. या कामगिरीबद्दल हिंदी पंधरवड्यात मला शाल मिळते. घरात अकरा आहेत.

त्यामुळे टाउनशिपमधली शाळा उघडायचं ठरलं तेव्हा पालकांच्या संमतीचा फॉर्म हिंदी करण्यासाठी माझ्याकडेच आला. नऊ महिने शाळा बंद होती. आता फक्त दहावी-बारावी, तीही अर्धी-अर्धी, एक दिवसाआड, आणि पालकांनी लिहून दिलं तरच. फॉर्म घेऊन शाळेचे क्लार्क आले होते. मास्कमुळे पान थुंकायची पंचाईत झालेले, म्हणून कायम थोडे वैतागलेले गृहस्थ.

“सर, सीधा लिख दो ना,” ते म्हणाले, “बच्चे को भेजने में कोई दिक्कत तो नहीं?”

“सरकारी काग़ज़ पर दिक्कत नहीं होती, भाईसाहब. आपत्ति होती है.”

ते हसले. मीही हसलो. पुढे जागा वाचावी म्हणून मी पूर्ण वाक्यसुद्धा ठेवलं नाही. चौकटीत नुसतं लिहिलं : ‘आपत्ति : है / नहीं’. खाली ‘कारण, यदि है’. इंग्रजीत शेवटी सात ओळींची कायदेशीर भानगड होती. शाळेत काही झालं तर शाळा जबाबदार नाही, कारखाना जबाबदार नाही, कुणीच जबाबदार नाही, असं सगळं. तिचं मी एका ओळीत केलं : ‘समस्त उत्तरदायित्व अभिभावक का होगा.’ म्हणजे सगळी जबाबदारी पालकाची. प्राचार्यांनी फोन करून या ओळीचं खास कौतुक केलं.

त्या वेळी टाउनशिपच्या बरखेडा भागातल्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं होतो. बायकोची बँकेची नोकरी जबलपूरला. तिचं येणं गाड्यांच्या आणि साहेबांच्या मर्जीवर. मी, दहावीतली मुलगी आणि माझी आई. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, वाईला एकटी राहणारी. फाल्गुनात पंधरा दिवसांसाठी म्हणून चार पातळं आणि दम्याचा पंप घेऊन आली, आणि सगळं बंद झालं. पंधरा दिवसांचे नऊ महिने झाले तरी ती पाहुण्यासारखी बॅग भरून कॉटखाली ठेवायची.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. मुलगी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसायची, कारण तिथे नेटवर्क येतं. सुरुवातीला भांडायची, गाणी म्हणायची. पावसाळ्यापर्यंत तेही थांबलं. कॅमेरा बंद ठेवून दिवसातून तीन-चार वेळा “जी मॅम” म्हणायची, आणि पुष्कळदा दिवसभरात तेवढेच तिचे शब्द असायचे. एकदा आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“पोरीची डावी भुवई बघितलीस?”

“काय झालं भुवईला?”

“उपटते. एकेक केस. अभ्यास करताना. अर्धी राहिलीय.” मग खालच्या आवाजात, “तिला माणसांत पाठव बाबा. मी बघेन माझं.”

‘मी बघेन माझं’ हे आई म्हणाली खरं, पण जिना चढून गच्चीवर गेली तरी तिला पंप लागायचा. मुलीला कोंडून ठेवायचं, की आईच्या दम्यापाशी जगभराची हवा आणून सोडायची, एवढाच हिशेब होता. मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, “तू तिथे आहेस, तू ठरव.” नवरा-बायकोतलं हे वाक्य कागदावर विश्वासाचं वाटतं. प्रत्यक्षात ते टेबलावरून सरकवलेल्या फाइलीसारखं असतं.

फॉर्म आले त्या दिवशी मी ऑफिसात होतो. कॉलनीचा गार्ड गठ्ठा घेऊन घरोघर फिरत होता आणि उभ्या उभ्या भरून परत मागत होता. मुलीची गणिताची परीक्षा चालू होती. ती फटीतून उठू शकत नव्हती. आईनं चष्मा लावला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेली बाई. लिपी आपली, शब्द ओळखीचे. गार्डला तिनं पाच मिनिटं उन्हात उभं केलं आणि सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून दिला.

चार दिवसांनी याद्या लागल्या. मुलीचं नाव दोन्ही तुकड्यांत नव्हतं. ‘घर से अध्ययन’ या यादीत होतं, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत. मी क्लार्कना गाठलं. त्यांनी फॉर्म काढून दाखवला. ‘आपत्ति’पुढे ‘है’वर ठसठशीत खूण. कारण : ‘महामारी’. ‘यातायात का साधन’, म्हणजे मूल शाळेत कशानं येणार, या चौकटीत काहीच नव्हतं. खाली आईची सही, आणि सवयीनं घातलेली तारीख.

“इतनी साफ़ आपत्ति किसी ने नहीं लिखी, सर,” क्लार्क म्हणाले. “प्रिंसिपल साहब ने सबको दिखाई.”

घरी येऊन मी आईसमोर उभा राहिलो.

“आई, आपत्ती आहे असं लिहिलंस?”

“मग? नाही लिहू?” तिनं चष्म्यावरून पाहिलं. “सगळ्या जगावर कोसळलीय. पोटचा मुलगा मला तोंडाला फडकं बांधून जेवायला वाढतो. आणि सरकार विचारतंय, आपत्ती आहे का? मी म्हटलं, विचारतात तरी एकदाचे.”

“हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत.”

“हरकत? मग हरकत म्हणावं की! हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं?”

मी शहाण्याचं नाव सांगितलं नाही. मुलगी फटीतून बघत होती. तिला ते माहीत होतं.

“आणि ते यातायातीचं साधन,” आई अजून फॉर्ममध्येच होती, “ते सोडून दिलं. माणसाला यातायात करायला काय एकच साधन लागतं?” मग एकदम तिला काय घडलंय ते कळलं. ती कॉटवर बसली. “म्हणजे माझ्यामुळे पोरगी अडकली?”

“आजी, छोड़ो ना,” मुलगी म्हणाली. पण म्हणताना तिचा हात भुवईकडे गेला.

दुरुस्तीची वाट होती. प्राचार्य म्हणाले, ‘संशोधन’चा अर्ज द्या, पालक म्हणून स्वतः नव्या फॉर्मवर सही करा, पुढच्या यादीत नाव घेऊ. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मी मात्र मराठी संशोधन करत बसलो. बंद खोलीत थुंकीचे कण किती अंतर जातात, किती वेळ तरंगतात, खिडक्या किती उघड्या हव्यात, मुलांकडून म्हाताऱ्यांना संसर्ग किती होतो, हे सगळं मी वाचलं. एक जण सांगायचा होतो, दुसरा सांगायचा होत नाही, तिसऱ्याला सगळं ठाऊक असायचं आणि तो काढा विकायचा. कोरा फॉर्म ऑफिसच्या खणात होता. मुलगी रोज विचारायची, “दिला?” मी म्हणायचो, “प्रोसेस चालू आहे.” हे खोटं नव्हतं. कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही.

दरम्यान शाळेचा उद्घाटन समारंभ झाला. वर्षानुवर्षं चालत आलेल्या शाळेचं उद्घाटन कसं करतात, हा प्रश्न मला पडला, पण फलक माझ्याकडून हवा होता म्हणून मी गेलो. फुग्यांची कमान होती. पटांगणात चुन्यानं गोल काढले होते, एका मुलाला एक गोल. कारखान्याचे महाप्रबंधक आले, त्यांनी रिबन कापली, मग त्यांच्या हातात ताप मोजायचं पिस्तूल दिलं गेलं. पहिल्या मुलाच्या कपाळावर त्यांनी ते धरलं आणि फोटोसाठी तसंच धरून ठेवलं. फोटोत ओळख पटावी म्हणून मंचावरच्या सगळ्यांनी मास्क हनुवटीवर ओढले आणि एकमेकांना चिकटून उभे राहिले. समोर मुलं आपापल्या गोलात, मास्कमध्ये, ताठ. सुरक्षित अंतराबद्दलचं भाषण मीच लिहून दिलं होतं. ते भाषण साहेबांनी प्राचार्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाचलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो एक रिकामा गोल. तो आमचाच होता असं काही नाही. कुणीतरी आलं नसेल. मी पाहत राहिलो.

घरी आलो तर नवा कोरा फॉर्म टेबलावर होता. मुलगी क्लार्कच्या मुलीकडून दुसरा मागून घेऊन आली होती. फाटकाशीच उभी राहून, मास्क लावून, असं आईनं न विचारता सांगितलं.

“संशोधन की अर्ज़ी गई ही नहीं,” मुलगी म्हणाली. “अंकलने सांगितलं.”

“बेटा, मी बघतोय सगळं. आजीचा दमा...”

“बाबा, आजीची चूक झाली ना, तुम्हाला बरं वाटलं. हो की नाही, बस इतना बता दो.”

आई मधे पडेल असं वाटलं. ती पडली नाही. तांदूळ निवडत राहिली.

हो, मला बरं वाटलं होतं. चार दिवस मी त्या खुणेवर वैतागलो आणि पाचव्या दिवसापासून तिच्या आड बसलो. कुणी विचारलं तर चूक आईची, भाषा सरकारची, यादी शाळेची. माझं काहीच नव्हतं. आता मुलीनं पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर धरलं होतं, आणि फॉर्मच्या तळाशी, मीच इतकी आटोपशीर केलेली ओळ होती. सात ओळींची असती तर वाचताना थोडा वेळ तरी गेला असता.

मी ‘नहीं’वर खूण केली. सही केली.

“तारीख,” आई म्हणाली.

मग घराच्या सीमा ठरल्या. त्या आईनंच ठरवल्या, शाळेचं वेळापत्रक करावं तशा. आतली खोली तिची, बाहेरची मुलीची, स्वयंपाकघर माझं. मी तिथेच ओट्याखाली गादी घालायचो. शाळेचा दिवस असेल तेव्हा मुलीनं मागच्या अंगणातून यायचं, अंगणातल्या न्हाणीत आंघोळ, कपडे बादलीत, मग आपली खोली. नऊ महिने एका कॉटवर झोपलेल्या आजी-नातीनं एकमेकींना हात लावायचा नाही. मुलीच्या वेण्या आई घालायची. त्या मी घालू लागलो. पहिल्या दिवशीची वेणी बघून आई दारातूनच म्हणाली, “अरे, दोर वळतोयस का?” आणि मुलगी हसली, तो आवाज ऐकून मला कळेना की हे कोण हसलं.

शाळेत ती काय शिकत होती देव जाणे. पहिल्या दिवशी हात कसे धुवायचे ते शिकवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डबा वाटून खायचा नाही. एका बाकावर एक. मैत्रिणीशी बोलायचं तर ओरडून. पण ती अंगणात उपड्या बादलीवर बसून हे सगळं खिडकीच्या जाळीतून आजीला सांगायची, हातवारे करत, कोणत्या मॅमचा मास्क बोलताना नाकाखाली घसरतो इथपासून. आई जाळीपासून चार हात मागे खुर्ची ठेवून ऐकायची. मधेच म्हणायची, “मराठीत सांग गं, मला तुझ्या हिंदीचा आता भरवसा नाही.” मी भाजी चिरत असायचो. घर म्हणजे तीन कोठड्या झाल्या होत्या आणि त्यात नऊ महिन्यांतलं सगळ्यात जास्त बोलणं चालू होतं.

दुसऱ्या आठवड्यात, शाळा नसलेल्या एका दिवशी, दुपारच्या चहाला मुलगी बाहेरच्या खोलीत खोकली.

एकदाच. मग पुन्हा.

माझ्या हातातला झारा थांबला. आतल्या खोलीत आईच्या पोथीचं पान उलटायचं थांबलं. मी दारात गेलो. मुलगी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसली होती, डोळ्यांत पाणी.

“ठसका लागला,” ती म्हणाली. “शेंगदाणा.”

“ताप बघू.”

“बाबा, शेंगदाणा आहे.”

मी थर्मामीटर आणलं. ताप नव्हता. अर्ध्या तासानं पुन्हा लावलं. नव्हता. घसा दुखतो का, वास येतो का; मी तिच्या नाकाशी कॉफीची बाटली धरली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी बाटली मागे घेतली.

“उद्या शाळेचा दिवस आहे,” ती म्हणाली. “जाऊ देणार ना?”

मी थर्मामीटर पुन्हा हातात घेतलं. याचं उत्तर हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, कशातही करता येईना. आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. ती कधी उठून आली ते मला कळलं नव्हतं. तिनं नातीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे पाहिलं. तिनं माठातून पाण्याचा तांब्या भरून घेतला, फळीवरचा पंप घेतला, फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या घेतल्या. आत गेली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज झाला.

“उद्या सोड तिला शाळेत,” आतून आवाज आला. “आणि वेणी नीट घाल.”