पदवी दादाची, विषय विद्यापीठाचा

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आमच्या घरासमोर किराणा दुकान आहे. गल्लीत फोन तेवढा दुकानदारांकडेच, त्यामुळे सगळ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या आधी त्यांच्या कानावर पडतात. त्या दिवशी दुपारी दुकानदार स्वतः आमच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. "बाई, नगरहून फोन हुता... कॉलेजातून. तुमच्या दादास्नी शिव्हिलमधी नेलंय." मी विचारलं, "नेलंय, की...?" ते खाली बघत म्हणाले, "न्हाई बाई. काई ऱ्हायलं न्हाई." मी निवडत होते ते तांदूळ तसेच परातीत राहिले. मिळेल त्या गाडीनं नगर गाठलं, तेव्हा दादाला पांढऱ्या चादरीखाली ठेवलेलं होतं, आणि त्याच्या डाव्या बाहीवर खडूची भुकटी होती. ती मी झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'गुणश्री प्राध्यापक काशिनाथ दरंदले कालवश.' पदवी आधी, नाव नंतर. जिवंतपणी ती पदवी कोणाला नीट लिहिता आली नव्हती. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तर 'प्रा. गुणश्री दरंदले' असं छापलं होतं, आणि गुणश्री हे बाईचं नाव समजून संयोजक स्टेशनवर बाईंना उतरवून घ्यायला आले होते. दादा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई आल्या नाहीत, मी आलोय. चालेल का?" हे त्यानं मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. पदवी मिळाल्यानंतर तो हसल्याचं मला आठवतं ते बहुधा तेवढंच.

आमचं मूळ गाव सोनई. थोडी जमीन होती, पण ती चुलत्यांच्या ताब्यात राहिली आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भिंगारला लष्कराच्या गवताच्या कुरणावर राखणदाराची नोकरी धरली. आम्ही दोघं भावंडं भिंगारच्या चाळीत वाढलो. समोर एक म्हातारे मुन्शी राहायचे. गोऱ्या साहेबांना हिंदुस्थानी शिकवणं हा त्यांचा पेशा, पण खरा जीव फारशीत. दादा त्यांच्याकडे दूध घालायला जायचा, तो हळूहळू तिथंच बसायला लागला. आप्पांना ते पटायचं नाही. "तुला काय करायचीय ती फारशी? बैलांसंगं फारशीत बोलणार हाय का?" एकदा मुन्शीजी आप्पांना अंगणात थांबवून म्हणाले, "तुमचा मुलगा चुकला की लाजत नाही, पुन्हा विचारतो. एवढ्या साहेबांना शिकवलं, असा एक मिळाला नाही मला." त्यानंतर आप्पा दूध घालायला दादालाच पाठवायचे, आणि परत यायला उशीर झाला तरी विचारायचे नाहीत.

पुढं तो एम.ए. झाला, नगरच्या कॉलेजात फारशीचा प्राध्यापक झाला. सुरुवातीला त्याचा वर्ग भरायचा. भिंगारच्या मुस्लिम घरांतली मुलं असायची, इतिहासवाली असायची, आणि या विषयात मार्क बरे पडतात असं ऐकून आलेलीही असायची. त्या शेवटच्यांवरही तो रागवायचा नाही. "येऊ तर दे, राहतील आपोआप," म्हणायचा. पण ती राहिली नाहीत. विज्ञान, वाणिज्य यांच्या तुकड्या वाढत गेल्या आणि दादाचा वर्ग कॉलेजच्या मागच्या अंगाला सरकत गेला. वहिनी तरुणपणीच गेल्या, मूलबाळ नव्हतं. मी बेलापूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझा संसार तिकडे. सुट्टीत तो माझ्याकडे यायचा आणि माझ्या पोरांना गंमत सांगायचा, की तुमच्या आईच्या शाळेतली हजेरी फारशी, शिपाई फारशी, आणि तुम्ही खाता तो शिराही फारशी. पोरं आणखी शिरा मागायची.

निवृत्तीला थोडा अवधी उरला असताना प्राचार्य स्वतः त्याच्या घरी आले. विद्यापीठ त्याला गुणश्री प्राध्यापक करणार होतं. दादा ते सांगायला मुद्दाम बेलापूरला आला. ओसरीवर बसून त्यानं मला सगळी रीत समजावली. आधी कॉलेजनं नाव सुचवायचं, मग बाहेरच्या विद्वानांची मतं मागवायची, मग समिती बसायची, मग वरची सभा... इतक्या चाळण्यांतून जो खाली पडत नाही त्याला निवृत्तीनंतरही प्राध्यापक म्हणायचं, कायमचं. मी मास्तरीण, मला व्यवहार आधी सुचतो. "मग पगार चालू राहणार?" "नाही गं. पगार नाही." "मग काय मिळतं?" "बसायला खोली मिळते. ग्रंथालय मिळतं. आणि..." तो पुढं सरकून बसला, "विद्यार्थी ठेवता येतात, इंदू. संशोधनाचा विद्यार्थी. निवृत्त माणसाला एरवी तो हक्क नसतो." तेव्हा मला कळलं की तो एवढ्या उन्हातून का आला होता.

कारण त्याला विद्यार्थिनी होती. एकच. सुमन गायकवाड. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, बौद्ध झालेल्या घरातली मुलगी. तिनं फारशी का घेतली असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आमचा आजा म्हनायचा, आपल्या लोकांला बादशहाची सनद हुती. कुनी वाचली विचारलं तर म्हनायचा, आपल्यात वाचनार कोन? बाई, ती सनद घावंल न घावंल. पन दुसऱ्यानी वाचून दाखवायची वाट मी बघनार न्हाई." दादा तिला अपार जपायचा. एम.ए. ला ती चांगल्या वर्गात पास झाली. जिल्ह्यातल्या जुन्या सनदांवर तिनं प्रबंध लिहायचा आणि दादानं मार्गदर्शन करायचं, असं ठरलं होतं. ती पदवी दादाला स्वतःसाठी नकोच होती. तिच्यासाठी हवी होती.

समारंभाला मी त्याच्याबरोबर गेले. मोठा मांडव, सतरंज्या, पहिल्या रांगेत खुर्च्या. शाल, श्रीफळ, कातडी वेष्टनातलं मानपत्र. कुलगुरूंनी भाषण छान केलं. असे साधक आहेत म्हणून ज्ञानाचे दिवे विझत नाहीत, असं काहीतरी ते म्हणाले आणि टाळ्या झाल्या. दादा खाली मान घालून उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आप्पा असते तर... असं माझ्या मनात आलं.

नंतर चहाच्या वेळी एक वरिष्ठ अधिकारी आमच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता, बशी हातात धरून आपुलकीनं बोलत होता. दादानं सुमनच्या नोंदणीचं विचारलं. ते म्हणाले, "अहो, ते आता कसं होणार? तुम्ही जूनमध्ये निवृत्त. ती जागा भरायची नाही असं ठरलंय. म्हणजे फारशीचं संशोधन केंद्र बंद. केंद्र नाही तिथं नोंदणी नाही." दादाला वाटलं त्यांचा काही गैरसमज झालाय. तो म्हणाला, "पण मी आहे ना. आत्ताच तर तुम्ही मला..." "तुम्ही आहातच हो, सर! पदवी तुमची आहे, वैयक्तिक. विषय विद्यापीठाचा." "मग हे ठरलं कधी?" त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "त्याच बैठकीत की. तुमचा ठराव झाला, त्याच्या पुढचाच हा."

दादानं कप खाली ठेवला. रागानं नव्हे, अगदी सावकाश.

परतीच्या एस.टी.त मानपत्र माझ्या मांडीवर होतं. त्या साली पाऊस धड झालेला नव्हता, दोन्ही बाजूंनी रानं उघडी पडलेली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ह्यांनी तुझी अब्रू वाढवली म्हनायची का घेतली?" राग आला की माझ्या तोंडी भिंगारच्या चाळीची बोली येते. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अब्रू फारशीच शब्द आहे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी."

त्यानं प्रयत्न सोडले नाहीत, हे मला लिहायलाच हवं. नंतर काहीजण म्हणाले की दरंदले सर सरळमार्गी, त्यांना भांडता आलं नाही. तो प्राचार्यांकडे गेला, समितीतल्या लोकांच्या घरी गेला. शेवटी त्यानं सांगितलं, पदवी परत घ्या, आणि त्याच्या बदल्यात केंद्र दोन वर्षं चालू ठेवा, मी बिनपगारी शिकवतो. प्राचार्यांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "सर, पदवी द्यायचा नियम आहे. परत घ्यायचा नियमच नाही."

जूनमध्ये तो निवृत्त झाला. पावसानं त्या वर्षी तोंडच फिरवलं. सुमनच्या गावाकडच्या विहिरी दिवाळीआधीच तळाला गेल्या. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, वडिलांच्या हाताला काम नाही. जवळच पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, तिथं शिकलेली मुलगी म्हणून सुमनला हजेरी मांडायला घेतलं. दादाला हे कळलं तेव्हा तो पुस्तकं पिशवीत घालून एस.टी.नं तिकडे गेला. नंतर जातच राहिला. दुपारी मजुरांना सुकडीचा खाऊ वाटला जायचा, बाया खडीच्या ढिगाआड घटकाभर पडायच्या, आणि एका ताडपत्रीखाली हा म्हातारा त्या मुलीला जुन्या सनदांतलं फारशी अक्षर लावायला शिकवायचा. बाया विचारायच्या, "मास्तर, ह्ये मंतर हायेत का पावसाचे?" तो म्हणायचा, "असते तर आधी म्हटले नसते का गं?"

मी त्याला म्हटलं, अरे, तिची नोंदणी नाही, परीक्षा नाही, कशाला उन्हातान्हाचा जातोस? तो म्हणाला, "निदान वाचता तर येईल तिला. माझ्यानंतर एक माणूस तरी."

आणि मग एक दिवस सुमननंच त्याला थांबवलं. त्यानं मला जसं सांगितलं तसं लिहिते. ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "सर, तुमी आता येत जाऊ नका." त्याला वाटलं उन्हाची काळजी करतेय. "न्हाई सर. वडील म्हनत्यात मास्तरकीच्या ट्रेनिंगला जा. जागा मिळतीय. तुमी येता, मी वाचती, आन मग रातभर वाटत ऱ्हातं की मला पन हुईल काईतरी... सर, हे शिकून फुडं काय हाय, तेवढं सांगा. मी दुसरं काई विचारत न्हाई." दादानं नगरची गाडी सोडून दिली. दुसरी गाडी धरून तो थेट बेलापूरला माझ्याकडे आला. माझ्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून होता. जेव म्हटलं तर जेवला. जाताना म्हणाला, "तिचं बरोबर आहे, इंदू. मुन्शीजींना हा प्रश्न मी कधी विचारला नाही. विचारायची गरजच पडली नाही मला. तिला पडली." मी म्हटलं, अरे, होईल काहीतरी. माझं मलाच ते खोटं वाटलं.

त्यानंतर तो खचत गेला. कॉलेजनं खोली दिली होती, दारावर 'गुणश्री प्राध्यापक' अशी पाटी होती. मुलं दार ढकलून विचारायची, शिष्यवृत्तीचे अर्ज इथंच मिळतात का. तो त्यांना कार्यालयाचा रस्ता दाखवायचा. मला वाटायचं तो तिथं नुसता बसून असतो. त्या खोलीतच त्याला दुपारी घेरी आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

दादाचे दिवस झाल्यावर कॉलेजचा निरोप आला की खोली रिकामी करून हवी आहे. मी सुमनला कळवलं. ट्रेनिंग कॉलेजातून रजा काढून ती आली; बोलणंही आता मास्तरणीसारखं झालं होतं. आम्हाला बघताच शिपाई किल्ली घेऊन पुढं झाला. "मी काई हलवलं न्हाई, बाई. सर रोज अकराला यायचे. फळ्यावर लिवायचे, मोठ्यांदा वाचायचे, मंग पुसायचे. समोर कुनी नसायचं. मी येकदा इचारलं, सर, कुनासाठी? तर म्हनाले, सवय हाय."

खोलीत दोन बाकं होती आणि एक फळा. फळ्यावर त्या दिवशीच्या ओळी तशाच होत्या. उजवीकडून सुरू झालेलं, गोलसर, स्वच्छ अक्षर. मी सुमनला म्हटलं, वाच. मला वाटलं सनदेतला मजकूर असेल, काही अवघड असेल. ती फळ्याजवळ गेली. "पहिलीच्या पुस्तकातला धडा आहे, बाई. पहिला. मला पण हाच शिकवला होता." मग तिनं बोट ठेवून वाचलं. "हवा गर्म अस्त... हवा गरम आहे. दर बाज अस्त... दार उघडं आहे." हवा मला कळली होती, गरमही कळलं होतं. तिसऱ्या ओळीत एकच शब्द होता आणि त्याच्या पुढं खडूची एक वाकडी रेघ खाली ओघळत गेलेली.

"शागिर्द," सुमननं वाचलं.

"म्हणजे विद्यार्थी ना? विद्यार्थी काय?"

"ते क्रियापदात असतं, बाई. मराठीसारखंच शेवटी येतं. आला, गेला, काय ते... ते राहिलंय."

फळ्याखालच्या फळीवर खडूचा तुकडा पडला होता. सुमननं तो उचलला. हातात धरून ती फळ्यासमोर उभी राहिली, एकदा हात वरही गेला. मग तिनं तो होता तिथंच परत ठेवला आणि दादाची पुस्तकं पोत्यात भरायला घेतली.