शून्याचं तिकीट

चंदरकाका पारधे यांनी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली आणि वर्षातून एकदा पापक्षमा विकली.

एसटीचं समजण्यासारखं आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वर आणि नाशिक-घोटी या गाड्यांवर ते कंडक्टर होते. पापक्षमेचं दुकान मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जेल रोडच्या आतल्या गल्लीत, आमच्या लूथरन चर्चच्या अंगणात लागायचं. आमची मंडळी लहान. एरवी उपासनेला मागची बाकं रिकामी असतात आणि पुढच्या बाकांवर निम्मे जण डुलक्या घेतात. पण धर्मसुधारणेच्या सणाला आम्ही नाटुकलं करतो, सगळ्या गल्लीला बोलावतो आणि नंतर प्रीतिभोजन घालतो. नाटुकलं मी लिहिते, त्यामुळे लोक नाटकासाठी येतात असं मी म्हणते. मटणाच्या पातेल्याचं मत वेगळं असू शकेल.

गोष्ट दरवर्षी तीच. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक जण पैसे घेऊन पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकत असतो. मार्टिन लूथर नावाचा धर्मगुरू चिडतो, देवाची क्षमा विकत मिळत नाही असं कागदावर लिहितो आणि तो कागद चर्चच्या दारावर ठोकतो. टाळ्या, प्रार्थना, पंगत.

चिठ्ठ्या विकणारा म्हणजे चंदरकाका. खांद्याला चामडी बॅग, हातात बायकोचा, म्हणजे गोजराकाकूंचा, अडकित्ता. जुन्या काळी तिकिटाचा पंच वाजायचा तसा ते तो वाजवत. हातात मशीन आलं तरी बोटांची ती सवय काही गेली नाही. "चला, पाप कुठून कुठपर्यंत? सासूला उलट बोललात? सुट्टे काढा, सुट्टे. पुढं सरका, स्वर्गात बसायला जागा हाय." आणि लोक खरंच विकत घ्यायचे. समोरचे हबीबभाई टेलर तर दरवर्षी पहिले ग्राहक. "ईदचे कपडे वेळेवर दिले नाहीत, त्याची एक द्या," म्हणायचे. चिठ्ठी घेऊनही पुढच्या ईदला कपडे उशिराच मिळायचे. लूथर दरवर्षी नवा असे आणि दरवर्षी फिका पडे.

गेल्या वर्षी काकांची नात पहिल्यांदाच पुण्याहून नाटक बघायला आली. निकिता, पाच वर्षांची. परत गेल्यावर तिनं फोनवर गोजराकाकूंना विचारलं, "आजी, आजोबा देवाचं नाव सांगून लोकांना फसवतात का?"

फोन स्पीकरवर होता. काका समोर जेवायला बसले होते.

यंदा तालमींच्या आधीच ते माझ्याकडे आले. "सलाम, बाई. या वेळी मला लूथर द्या."

"काका, कागद ठोकला तेव्हा लूथर अगदी किडकिडीत होता."

"झगा ढगळ शिवू."

"आणि चिठ्ठ्या कोण विकणार? तुमच्याशिवाय नाटक पडेल."

"पडू दे. पोरीच्या मनातून मी पडलोय, ते बघा आधी."

मी स्पष्ट नाही म्हटलं. नाटक बिघडलं की मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. मग संध्याकाळी गोजराकाकू आल्या. बसल्या नाहीत, चहाही नको म्हणाल्या. "बाई, एवढी वर्षं पैशाची बॅग गळ्यात होती, ह्यांच्यावर कधी आळ आला नाय. आता नातीनं घेतला. माणूस नीट जेवत नाय हो." लूथर काकांना दिला.

चिठ्ठीवाला झाला बँकेतला हर्षल. गुणी मुलगा, पण "कृपया क्षमापत्र घ्यावे" असं तो म्हणाला की स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं जाहीर झाल्यासारखं वाटायचं. काकांनी सगळे संवाद चोख पाठ केले. उभे मात्र ते पाय फाकवून राहायचे, चालत्या गाडीत तोल सांभाळल्यासारखे. काळा झगा हबीबभाईंनी शिवला आणि हिशेब देताना कापड किती लागलं तेही दाखवलं. म्हणाले, "बाई, एवढ्यात दोन लूथर निघाले असते."

रविवारी अंगण भरलं. गोजराकाकूंच्या मांडीवर निकिता होती आणि त्यांच्या शेजारी लंकाबाई. लंकाबाई आमच्या कोपऱ्यावर भाजी विकतात. पंचाहत्तरी कधीच उलटली. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जायच्या त्या काकांच्याच गाडीनं. त्या वयाला एसटीचा प्रवास फुकट झाला, तरी कंडक्टरला तिकीट द्यावं लागतंच, शून्य रुपयांचं. ते लंकाबाईंना कधी पटलं नाही. "फुकट हाय तर तिकीट कशाला? आन तिकीट हाय तर पैसे का नाय? तू नंतर मागशील," असं म्हणत त्या नोट पुढे करायच्या आणि काका ती परत करायचे. "मावशी, पैसे वरून भरलेत. तू बस." काका निवृत्त होईपर्यंत दोघांचं हे भांडण चालू होतं.

नाटक सुरू झालं. हर्षल आला, अडकित्ता दाबला आणि त्यात त्याचं बोट सापडलं. त्या कळेसरशी सगळे संवाद उडाले. मी पडद्याआडून शब्द पुरवत होते, पण तो बोट तोंडात घालून उभा. अंगण गप्प. कोणीतरी खोकलं, कोणीतरी मटण शिजलं का विचारलं. पोरं ओरडायला लागली, "चंदरकाका! चंदरकाका!"

काका माझ्या शेजारी झगा घालून उभे होते. त्यांचा उजवा हात चुळबुळत होता. मी झगा पकडायच्या आत ते बाहेर गेले, हर्षलच्या हातून अडकित्ता घेतला, बॅग स्वतःच्या गळ्यात घातली आणि कटकट वाजवत गर्दीत शिरले. "चला चला, कोण राहिलं? खोटी शपथ, चुगली, वजनात काटा मारणं, कोणतंही पाप. सुट्टे काढा!"

साक्षात लूथर पापक्षमा विकत होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. अंगण मात्र जिवंत झालं. हबीबभाईंनी दोन चिठ्ठ्या घेतल्या. नोटा बॅगेत पडायला लागल्या, काकांचा चेहरा कसा फुलला होता.

तेवढ्यात निकिता मांडीवरून उतरली. "आजोबा, तुम्ही तर या वेळी लूथर होता ना?"

काकांनी खाली वाकून स्वतःचा झगा पाहिला. तो चेहरा मी विसरणार नाही. माझ्या हातात नाटकाचे कागद होते आणि त्यात या जागेसाठी एकही शब्द नव्हता. मला रडू आलं, सरळ सांगते.

लंकाबाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी दहाची नोट पुढे केली. "मला बी एक दे, चंदर. म्हातारीचं पाप लय हाय."

काकांनी नोट घेतली नाही. मग त्यांनी एक चिठ्ठी काढली, अडकित्त्यानं तिचा कोपरा कातरला, लंकाबाईंच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ नोटेसकट मिटवली.

"घे मावशी. शून्याचं तिकीट."

"फुकट?"

"पैसे वरून भरलेत."

"नंतर मागशील."

"कोणी मागणार नाय. तू बस."

मग त्यांनी बॅग उघडली आणि ज्याची त्याला नोट परत देत रांगेरांगेतून फिरले. हबीबभाई म्हणाले, "राहू द्या हो, माझं पाप जुनं आहे." त्यांनाही परत दिली. दारावर कागद ठोकायचा राहूनच गेला. हातोडी माझ्याच हातात होती आणि कोणी मागितली नाही. शेवटी निकितानं हात पुढे केला, "मला पण." काकांनी तिलाही एक कातरून दिली, आणि कडेवर घेतलं ते पंगत उठेपर्यंत खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला पुण्याच्या गाडीत बसवायला काका स्टँडवर गेले. मी भाजीला निघाले होते, मलाही नेलं. कंडक्टर हाफ तिकीट काढायला आला तेव्हा निकितानं खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ते माझे आजोबा. ते पण कंडक्टर होते. ते तिकीट द्यायचे, पण पैसे घ्यायचेच नाहीत."

कंडक्टरनं मान बाहेर काढून काकांकडे असं पाहिलं की मला खुलासा करावासा वाटला. काकांनी माझा हात दाबला. हा आळ त्यांनी गाडी सुटेपर्यंत हसत अंगावर घेतला.