एक प्रकरण राहिलंय

एकदा सून-सासऱ्याचं चांगलंच वाजलं, ते आजारी नातीने अंथरुणातून ऐकलं.

“मामंजी, तीच बेसबॉलची कादंबरी पुन्हा? घरात कुणाला कळतो तरी का तो खेळ?”

“मी पडलो शिंपी. त्या चेंडूला टाके असतात, एवढंच मला कळलं. पण वाचताना पोर धाप विसरते.”

“आजोबा,” आतून हाक आली, “शेवटचं प्रकरण मी बरी झाल्यावरच वाचणार! तोवर मुदत वाढवून आणा.”

मग म्हाताऱ्याने दर सोमवारी वाचनालयाची पायरी झिजवली. पुस्तकात शिक्के वाढत गेले, पोर मात्र वाळत गेली.

शुक्रवारी ती गेली. सोमवारी सुनेनेच पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं.

“झालं का वाचून?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“एक प्रकरण राहिलंय,” आजोबा म्हणाले. “आठ दिवस वाढवून द्या.”