बिनप्लास्टरचं कॅथेड्रल

साइटवर काम केलेल्या माणसाकडं काम संपल्यावर काय उरतं? गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना मलम तरी मिळतं!

मी निमगाव साव्याचा. बांधकामावर सुपरवायझर. पाण्याच्या टाक्या, मंगल कार्यालयं, शाळा, सगळं करून झालं. पण आम्ही जुने साइटवाले मंचरला चहाला भेटलो की विषय एकच, पारगावच्या रस्त्याचं कॅथेड्रल. सुरुवात हसण्यानं होते. शेवटी मात्र सगळे रस्त्याकडं बघत बसतात.

कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. आमच्याकडं धरणाच्या आणि कालव्यांच्या कामाला नगरकडून आलेली थोडी कॅथलिक कुटुंबं आहेत. त्यांचं एक कौलारू प्रार्थनाघर होतं, गोठ्याएवढं. मग बातमी आली की इकडं नवा धर्मप्रांत होणार आणि बिशप इथंच राहणार. इथले धर्मगुरू फादर अल्मेडा एवढे खूश झाले, की प्रार्थनाघराचं पहिलं कौल त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं.

ते प्रार्थनाघर कधी गळलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

*

आर्किटेक्ट डिमेलो सर मुंबईचे. पिकलेले केस, बारीक आवाज. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आयुष्यभर बिल्डरांसाठी फ्लॅट काढले. आता एक इमारत देवासाठी काढायचीय."

थर्माकोलचं मॉडेल त्यांनी टेबलावर ठेवलं. मधे खांब नाही, घुमट नाही. नुसतं काँक्रीटचं एक वळलेलं छत, एका बाजूनं थेट जमिनीला टेकलेलं. आम्ही सगळे बघत राहिलो.

आमचा रखमाजी मिस्त्री धनगराचा. त्याचा भाऊ अजून मेंढरं राखतो. रखमाजी सगळ्या बाजूंनी फिरून म्हणाला, "लई झ्याक! घोंगडं पांघरून बसलेला धनगर हाय की ह्यो!"

सरांचा चेहरा पडला. "ते प्रार्थनेसाठी जोडलेले हात आहेत."

फादर हसून म्हणाले, "अहो, येशूनंसुद्धा स्वतःला मेंढपाळच म्हटलंय!" पण सर काही हसले नाहीत. मग रखमाजीलाच वाईट वाटलं. समजूत घालत म्हणाला, "हात असत्याल की सर. घोंगड्याच्या आत!"

*

भिंतींना प्लास्टर नव्हतं. मुद्दामच. काँक्रीट ओतायला ठोकतात त्या सेंटरिंगच्या फळ्यांची लाकडाची नक्षी सिमेंटवर उमटावी म्हणून सर एकेक फळी निवडून लावायचे.

पण येणारा-जाणारा एकच विचारायचा. दूधवाला विचारायचा, मास्तर विचारायचे, ग्रामपंचायतीचा शिपाई विचारायचा, "काय भाऊ, प्लास्टर कधी?"

सर हे सगळं गिळायचे. म्हणायचे, "समजणारी माणसं येतील."

एकदा वरून एक मोठे धर्मगुरू पाहणीला आले. आत गेले, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. सरांना भरून आलं. बाहेर आल्यावर त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. "डिमेलो, फार सुंदर काम केलंत. आता प्लास्टर तेवढं उरकून घ्या!"

सर तडक गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि आरशात बघून विचारलं, "सर, प्लास्टरनंतर कलर कंचा देणार?"

*

त्या छताचं काँक्रीट एका दमात ओतायचं होतं. मधे थांबलं, की जुन्या आणि नव्या काँक्रीटमधे सांधा राहतो, आणि पाणी तिथूनच वाट काढतं. सरांनी हे आम्हाला इतक्यांदा बजावलं, की रखमाजीची बायकोसुद्धा ते म्हणून दाखवायची.

ओतायचा दिवस उजाडला तो ऐन गळीत हंगामात. सकाळी काम झकास चाललं. अर्धं छत भरलं आणि काँक्रीटच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. फोन केला तर कळलं, वाटेत उसाची ट्रॉली पलटी झालीय. दोन्ही बाजूंनी रस्ता जाम, आणि आमच्या गाड्या मधेच अडकलेल्या.

सर छतावरून ओरडत होते, "थांबू नका! थांबू नका!"

खालून रखमाजी म्हणाला, "थांबू नका म्हन्त्यात, पर टाकू काय? ऊस?"

आम्ही हसलो. काय करणार!

ऊन उतरल्यावर पहिली गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला तोच मान खाली घालून. "साहेब, ड्रममधी दगड झालाय."

पुढच्या गाड्यांवर काम पुरं केलं. पण छताला मधोमध शिवण राहिली ती राहिलीच. सर तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. फादर वर चढून आले आणि म्हणाले, "सर, एक रेघ तर आहे. कुणाला दिसणार?"

सर म्हणाले, "पावसाला."

*

चर्च सुरू झालं. पहिल्याच रविवारी लक्षात आलं, की छताच्या वळणामुळं बोललेला शेवटचा शब्द घुमत परत येतो. फादर म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो!"

छत म्हणालं, "असो... असो... असो..."

लोक उत्तर द्यायचंच विसरले. पोरं तर पुढच्या रविवारी 'असो' ऐकायलाच आली!

डिमेलो सरांनी छताला आतून काय काय चिकटवून बघितलं. फादरांनी मांडववाल्याकडून पडदे आणून सोडले. लग्नातले, गुलाबी! आवाज तसाच. फक्त चर्च हळदीला आल्यासारखं दिसायला लागलं.

मग मार्थाबाईंचा नवरा वारला. मार्थाबाई म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या. चर्चच्या बांधकामासाठी म्हातारा-म्हातारी रोज जपमाळ करायचे, पण ते पुरं झालं तेव्हा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. स्वतःच्या पायानं तो आत कधी आलाच नाही. पेटीतूनच आला.

फादर पेटीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो."

"असो... असो... असो..."

दफनविधी उरकल्यावर फादर मार्थाबाईंजवळ गेले. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "फादर, मानूस गेलं, आनि तुमचं छत म्हनतंय, असो!"

*

पावसाळ्यात शिवण गळायला लागली. आधी ओल, मग थेंब, मग धार. मधल्या बाकांवर कुणी बसेना. रासायनिक लेप दिले, वरून पत्रा टाकला. वाऱ्यानं पत्रा उडाला तो थेट उसात!

एका रविवारी सर मुंबईहून आले. कुणाला सांगितलं नव्हतं. मी दारात उभा होतो, मलाही त्यांनी खुणेनंच गप्प केलं. आत गेले आणि बरोबर शिवणीखाली रिकाम्या बाकावर बसले. धार डोक्यावर पडत होती. उठले नाहीत.

मार्थाबाई पलीकडच्या रांगेत होत्या. बांधकाम चालू असताना त्या कधी साइटवर आल्या नव्हत्या, सरांना ओळखत नव्हत्या. त्या छत्री घेऊन उठल्या, सरांशेजारी जाऊन बसल्या आणि छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

"पावणं, हितं नका बसू. कोन येडं व्हतं बांधनारं, कुनास ठावं! देव त्याचं भलं करो."

सर म्हणाले, "आमेन."

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. फादरांनी त्यांच्यासाठी इथं मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, ठेवली. आम्ही साइटवाले सगळे गेलो होतो. त्या दिवशी थेंबसुद्धा गळला नाही. रखमाजी छताकडं बघत म्हणाला, "आता कोरडं राहून काय उपेग?"

*

सरांनी पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत रंगीत काचेची एकच उभी पट्टी ठेवली होती. सूर्य मावळताना उजेड तिच्यातून शिरून थेट वेदीपर्यंत जावा, अशी. संध्याकाळच्या मिस्साची वेळसुद्धा त्या हिशेबानं ठरवलेली.

पण चर्चच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबटे. मागच्या वस्तीवरची शेळी गेली, मग कुत्री गेली. मग शेतात खुरपणाऱ्या एका बाईवर हल्ला झाला. वाचली, पण लोकांनी दिवस कलला की दारं लावायला सुरुवात केली. संध्याकाळच्या मिस्साला आधी दहा-बारा जण, मग दोघं-तिघं. शेवटी फादरांनी ती बंदच केली.

आता सूर्य मावळताना तिथं एकटे याकोब काका असतात. चर्चचे वॉचमन. खिडक्या लावायला आत जातात. मी एकदा विचारलं, "काका, तो उजेड कसा दिसतो हो?"

"लई भारी, राव. वेदी पार लालभडक व्हती. त्या सायबानं डोकं लावलंय खरं."

"मग थांबून बघत असाल रोज!"

काका कुलपाची किल्ली काढत म्हणाले, "न्हाई. एकट्याला भ्या वाटतं."

*

आणि हा शेवटचा किस्सा. हा निघाला की रखमाजी चहा अर्धा टाकून बाहेर जातो.

कॅथेड्रलमधे बिशपांची खुर्ची असते. तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. आमच्याकडं ती काळ्या दगडाची करायची ठरली, आणि घडवायला आला घाटघरचा कोंडाजी. देवळांच्या जीर्णोद्धारावर दगडकाम शिकलेला माणूस. ऐन भातलावणीत तो इथं छिन्नी चालवत होता, आणि त्याची बायको सगुणा डोंगरात एकटीनं आवणी करत होती. त्याच पावसात कोंडाजीची आई गेली. घाटघरला मोबाइलला रेंज नाही. निरोप घेऊन माणूस आला तोवर सगुणानं गावकरी गोळा करून म्हातारीचं सगळं केलं होतं. कोंडाजी जाऊन आला आणि पुन्हा खुर्चीशी बसला.

खुर्ची जागेवर बसली. आणि मग वरून कळलं, नव्या धर्मप्रांताचा विचार रद्द झालाय. बिशप येणार नाहीत.

हे कोंडाजीला फादरांनीच सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि गावाला गेला.

गेल्या हिवाळ्यात मी आणि रखमाजी छताची डागडुजी बघायला गेलो होतो. फादरांशी बोलत उभे होतो, तेवढ्यात कोंडाजी आला. धुतलेला सदरा, टोपी. सगुणा दारात चपला काढत होती. तो घाईघाईनं पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "फादर, म्या तिला सांगितलंय, दर रविवारी बिशप बसत्यात म्हनून. तेवढं सांभाळा."

फादरांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सगुणा आत आली. छताकडं बघितलं नाही, काचेकडं बघितलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत सरळ खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"ह्यीच का वो?"

"व्हय," कोंडाजी म्हणाला.

"आनि सायेब कुटं हायेत?"

फादरांनी एकदा क्रुसाकडं बघितलं. "आत्ताच उठून गेले, ताई. तुमची जरा चुकामूक झाली."

सगुणा वाकली. खुर्चीच्या बैठकीवर तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आत्ताच गेलं?"

"हो."

"मंग गार कशी?"

कोंडाजीनं पुढं होऊन तिचा हात हळूच उचलला.

"दगड हाय, सगुणा. दगड गारच असतो. चल, यष्टी जाईल."