तात्यांनी न सांगितलेला ओटीपी

निरवांगीहून मी कॉलेजसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडे दोन गोष्टी सोपवल्या: आईने बांधलेल्या भाकऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कोरं पासबुक. एसटी हलली तरी ते खिडकीशी चालत सांगत होते, "पिशवी खाली ठिवू नगंस."

माझं खातं गावाजवळच्या वालचंदनगरला काढलं होतं. कॉलेजजवळ काढा, असं सगळे म्हणत होते. पण तात्यांचं म्हणणं, नडीअडीला ज्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहता येतं तीच बँक आपली. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून अर्जावर तात्यांचा नंबर घातला. बँकेतल्या साहेबांनी बजावलं, ओटीपीचा आकडा येईल तो कुणालाही सांगायचा नाही. तात्यांनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती माझ्याच आडवी आली.

पंधरा दिवसांत वसतिगृहाची फी ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस उजाडला. पाचपर्यंत भरली नाही तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती. सकाळीच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसले आणि मैत्रिणीच्या फोनवरून तात्यांना गाठलं. ते ढोबळी मिरचीच्या प्लॉटमध्ये होते.

"आकडा आलाय," ते म्हणाले, "पन सांगायचा न्हाय."

"अवो तात्या, खातं माझंच हाय की."

"आवाज तुझाच हाय, बाई. पन साहेब म्हनला, कुणालाबी न्हाय. पोरीला सोडून, असं न्हाय म्हनला."

मी चिडले, रडले, आईला मध्ये घातलं. तात्या ढिम्म. शेवटी म्हणाले, "थांब तितंच. फोन घिऊन येतो."

साडेचारला ते दारात उभे. अंगावर शेतातलेच कपडे, चपलांना वाळलेला चिखल. मैत्रिणींसमोर मला त्यांची लाज वाटली होती. आज हे लिहिताना स्वतःची वाटते. मी पुन्हा बटण दाबलं. फोन वाजला. तात्यांनी चष्मा लावून आकडा नीट बघितला आणि एक शब्द न बोलता स्क्रीन माझ्यापुढे धरली. फी भरली गेली.

"मी सांगितला न्हाय," ते समाधानाने म्हणाले. "तुझं तू वाचलंस." मग चहा घेऊन त्यांनी परतीची एसटी धरली.

आता मी जर्मनीत असते. इथलं बँकेचं ॲप नुसता माझा चेहरा बघून उघडतं. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको. फार सोयीचं आहे, आणि कधीकधी फार एकटं वाटतं. माझ्यासारखे घर सोडून आलेले हे ओळखतील. वालचंदनगरचं खातं मात्र मी बंद केलेलं नाही. त्यावरचा तात्यांचा नंबरही तसाच आहे.

गेल्या महिन्यात त्याच खात्यातून आईला मिक्सर मागवत होते. तात्यांना फोन लावला.

"तात्या, आकडा आला का?"

"आला की."

"मग सांगा."



"सांगायचा न्हाय," ते हळूच म्हणाले. "हितं ये आन् वाच."

तेवढ्यात मुदत संपून आकडा बाद झाला. मिक्सर राहिला. मी विमानाची तिकिटं बघायला बसले.