पालथ्या घागरी

"आरं, कुठलं नगर? आपल्या गावात नगर कुठनं आलं? नीट नाव घे की."

साहेब खुर्चीतूनच बोलले. पण माईक माझ्या हातात चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं. मांडव हसला. पुढच्या रांगेतले फेटे हसले, मागं उभी असलेली पोरं हसली. मीसुद्धा हसलो. आजही आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

"म्हारवाडा म्हण," साहेब म्हणाले. "बापजाद्यापासून त्येच नाव हाय. लाजतो कशाला?"

आणि मी म्हणालो. खणखणीत आवाजात. "आता म्हारवाड्यातल्या बायांनी पाण्याला पुढं यावं."

समोर माझी माय उभी होती. काखेत रिकामी घागर.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. आमचं गाव औशाकडचं. गावाच्या उगवतीला आमची बौद्धांची वस्ती. धम्म घेतला तेव्हा म्हाताऱ्यांनी बसून वस्तीचं नाव ठरवलं, सिद्धार्थनगर. मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावाच्या राखणीची येसकरकी सोडली, त्याच्याबरोबर जुनं नावही सोडलं. गाव काही नवं नाव घेईना. पण निवडणूक आली की साहेब घ्यायचे. जीपमधून उतरायचे आणि "सिद्धार्थनगरच्या माझ्या मायबहिणींनो" असं इतकं गोड म्हणायचे, की माझ्या आज्याच्या डोळ्याला पाणी यायचं. वस्तीच्या तोंडाला नावाचा बोर्ड लागला तोही साहेबांच्याच हातानं. मी शाळेत होतो. त्यांच्या जीपमागं धूळ खात पळालो होतो.

मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. नाव द्या म्हटलं, तर वस्त्या जळाल्या. आमच्या बोर्डावर एका सकाळी डांबर फासलेलं दिसलं. आमची जुनी माणसं साहेबांकडं गेली. "नावाचं मागून बघू," ते म्हणाले, "आधी गावात शांतता ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून त्यांच्या तोंडी आम्ही 'हरिजन वस्ती' झालो. पुढं पुढं नुसतं 'तिकडचे लोक'. वारं कुठल्या बाजूला फिरलंय ते आम्हाला साहेबांच्या जिभेवरून कळायचं. कळायचं, तरी आम्ही मान हलवायचो.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमाराला आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. उन्हाळा लागला तसे आड आटले, विहिरीला तळ दिसला, टँकर सुरू झाला. साहेबांनी ठरवलं, जिल्ह्याचा आनंद आणि टँकरचा नारळ एकाच मांडवात उरकायचा. रीत अशी ठरली, की माईकवरून एकेका आळीचं नाव पुकारायचं. त्या आळीच्या बायांनी पुढं यायचं. पहिली घागर साहेब स्वतः नळी धरून भरणार, फोटोवाला फोटो काढणार. आमची पाळी अर्थातच शेवटी.

पुकारायला मी. लातूरला कॉलेजात होतो, आवाज बरा होता. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "आपलं पोरगं हाय." झालं. मी फुगलो. मित्राचा इस्त्रीचा सदरा मागून घालून गेलो.

साहेबांचं भाषण लई रंगलं. "आजवर आपण दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं वळखले जायचो. आता आपल्या नावाचा जिल्हा! नाव म्हंजे माणसाची इज्जत असती, भावांनो!" मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग पुकारायला लागलो. पाटील गल्ली. माळी गल्ली. मोमीनपुरा. नाव घ्यायचं, बाया यायच्या, घागरी भरायच्या. शेवटी म्हणालो, "आता सिद्धार्थनगरातल्या भगिनींनी..." आणि तिथंच साहेबांनी मला अडवलं. पुढचं सांगितलंच.

मायनं एक पाऊल पुढं टाकलं होतं. ते तिनं मागं घेतलं. माझ्याकडं बघितलं. मग काखेतली घागर खाली ठेवली. पालथी. तिच्या शेजारी चुलतीनं ठेवली. मग एकेक करत वस्तीतल्या सगळ्या बायांनी. साहेबांच्या हातातल्या नळीतून पाणी मातीत चाललं होतं.

"ये की बाई, पाणी सांडायलंय," साहेब म्हणाले.

"ज्यांला पुकारलं त्यांला येऊ द्या," माय म्हणाली. "आमी सिद्धार्थनगरच्या हाव."

साहेब माझ्यावर खेकसले, "ए, समजाव तुझ्या मायला! तहानेनं मरशीला सगळे!"

खोटं नव्हतं ते. धाकटी बहीण घरी तापानं फणफणत होती, रांजणात थेंब नव्हता. मायला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी काही बोलायला पाहिजे होतं. माईक टेबलावर ठेवला, खाली उतरलो, मायची घागर उचलली. तेवढंच जमलं. आम्ही चालू लागलो. आमच्या वाट्याचं पाणी गावच्या विहिरीत गेलं, आणि त्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवू देत नव्हते.

ओढ्याच्या वाळूत झिरा उकरला. पाझरेल तसं करवंटीनं घागरीत भरत बसलो. गढूळ, वाळू आलेलं पाणी. माय माझ्याकडं न बघता वाळू उपसत होती. मला राहवेना.

"माय, त्यानं म्हणायला लावलं गं."

"त्यानं म्हनलं असतं तर म्या थुकून आले असते," माय म्हणाली. "तुझ्या तोंडातून आलं. त्या तोंडाला म्या बोलाया शिकवलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बघून करवंटी भरत राहिलो.

त्या उन्हाळ्यात टँकर आमच्याकडं वळला नाही. वस्ती झिऱ्यावर जगली. मी आणि मायनं रॉकेलचा बोळा घेऊन जुन्या बोर्डावरचं डांबर घासून काढलं. अक्षरं मी पुन्हा रंगवली. वाकडीतिकडी आली, पण आली.

मग निवडणूक लागली. जीप आली. "सिद्धार्थनगरच्या माझ्या मायबहिणींनो!" तोच गोड आवाज. जीपमध्ये फडक्यात गुंडाळलेला नवाकोरा बोर्ड. साहेबांनी माईक माझ्यापुढं धरला. "घे, तूच पुकार. मागलं सोड आता."

"बोर्ड जीपमधीच ऱ्हाऊ द्या साहेब. आमचा आमी लावलाय."

"आरं, मी नाव घ्यायलोय की!"

"मताच्या टायमाला घेता. पाण्याच्या टायमाला कुठं गेलं व्हतं?"

बाया घराबाहेर आल्याच नाहीत. जीप धूळ उडवत परत गेली. या वेळी तिच्यामागं कुणी पळालं नाही.

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. लाज तशीच आहे. आजही कुणी हातात माईक दिला की ते वाक्य आधी घशाशी येतं. येऊ दे. ते मला विसरायचंच नाही. मी आधी माझ्या वस्तीचं नाव घेतो, मग बाकीचं बोलतो. समोर पुढारी असो, कलेक्टर असो. हसले तर पुन्हा घेतो. पाणी तोडा, आम्ही झिरा उकरू. ते दुसरं नाव मात्र या तोंडातून परत काढून दाखवा.